शेअरखरेदीतील अविवेक

कंपनीची मिळकत, तिच्यावरील कर्ज, तिच्या व्यवसायाचे भवितव्य आणि या सर्वांच्या मानाने मागितला जाणारा भाव यांचा विचार न करता, ज्यांचा त्यांच्याशी संबंध नाही किंवा फारच दूरचा संबंध आहे अशा कारणांवरून शेअर विकत घेण्याची प्रवृत्ती. कंपनीचे नाव परिचयाचे असणे, शेअरच्या भावाचा आकडा लहान दिसणे, शेजारीपाजारी खरेदी करीत असणे, पूर्वी घेतलेल्या शेअरचा तोटा भरून काढण्याची ओढ असणे ही त्यांतील ठळक कारणे होत. येथे ‘अविवेक’ ही संज्ञा बुद्धिमांद्य या अर्थाने योजलेली नाही. सर आयझॅक न्यूटन यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेही १७२० मध्ये लंडनच्या साउथ सी कंपनीच्या शेअरांत मोठी रक्कम गमावली होती. तसेच, अशा कारणाने घेतलेल्या शेअरवर नफा होतच नाही, असेही नाही. तो अधूनमधून होतो, आणि त्यामुळेच चुकीचे कारण बरोबर ठरल्याचा भास गुंतवणूकदारास होतो.

अभिजात अर्थशास्त्रात गुंतवणूकदार हा उपलब्ध माहितीचा पुरेपूर उपयोग करून निर्णय घेतो, असे गृहीत धरले जाई. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये या गृहीताविषयी शंका प्रकट केली. शेअर बाजारातील व्यवहाराची तुलना त्यांनी वृत्तपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेशी केली होती. तीत स्पर्धक स्वतःला आवडलेला चेहरा निवडीत नाही, तर इतरांना कोणता आवडेल याचा अंदाज करतो. पुढे डॅनिएल कानेमन व एमॉस ट्‌व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात अनिश्चित परिस्थितीतील निर्णयांचा प्रयोगांद्वारे अभ्यास केला. कठीण प्रश्न समोर आला असता मन त्याच्या जागी नकळत एखादा सोपा प्रश्न घेते आणि त्याचे उत्तर मूळ प्रश्नाचेच उत्तर म्हणून स्वीकारते, हा विचार या संशोधनातून पुढे आला. ‘या कंपनीच्या पुढील दहा वर्षांतील मिळकतीसाठी आज किती पैसे मोजावेत?’ हा शेअरखरेदीतील खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर तज्ञांनाही नीट देता येत नाही. ‘हे नाव माझ्या ओळखीचे आहे काय?’, ‘हा आकडा मला परवडतो काय?’, ‘इतरांना यात पैसा मिळाला काय?’ या प्रश्नांची उत्तरे मात्र कोणीही तत्काळ देऊ शकतो. पुढे वर्णिलेली बहुतेक कारणे म्हणजे या अदलाबदलीचीच रूपे आहेत.

सहकारी शेअर व बाजारातील शेअर : पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या अदलाबदलीला एक स्थानिक कारणही आहे, आणि ते सामान्यतः दुर्लक्षिले जाते. सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील उंब्रज हे कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमावरील, पुणे-बंगळूर महामार्गालगतचे बाजारपेठेचे गाव. भोवतालचा मुलूख उसाचा. कराड तालुक्यात यशवंतनगर येथे सह्याद्री व रेठरे बुद्रुक येथे कृष्णा हे सहकारी साखर कारखाने आहेत. अशा टापूतील शेतकरी कुटुंबाला ‘शेअर’ हा शब्द मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरून नव्हे, तर कारखान्याच्या सभासदत्वामुळे ठाऊक झाला. कारखान्याचा शेअर घेण्यामागची कारणे स्पष्ट असतात : ऊस वेळेवर गाळपास जावा, सभासदांना मिळणारी सवलतीची साखर मिळावी, वार्षिक सभेत बोलण्याचा व संचालकांच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क असावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये सभासदाजवळ कितीही शेअर असले, तरी मत एकच. लाभांशावर पंधरा टक्क्यांची मर्यादा. या शेअरची बाजारात रोज खरेदी-विक्री होत नाही. त्यामुळे आज भाव काय, हा प्रश्न उद्भवत नाही आणि भाव पडल्याची भीतीही नसते. कारखाना आपला आहे, त्याचे चालक परिचित आहेत, गावातील इतरांनीही शेअर घेतले आहेत, ही कारणे तेथे अविवेकी नव्हेत. सहकाराचा पायाच त्यांवर रचलेला आहे.

कंपनीच्या शेअरची गोष्ट याच्या नेमकी उलट. तेथे मत शेअरांच्या प्रमाणात असते, लाभांशाची हमी नसते व शेअरचा भाव दर क्षणी बदलतो. ज्याच्याकडून शेअर घेतला, तो बहुधा अनोळखी असून हा शेअर या भावाला ठेवण्याजोगा नाही, असे त्याला वाटलेले असते. शब्द मात्र एकच राहिल्याने, आपलेपणा, चालकावरील श्रद्धा व गावाचा कल ही सहकारात उचित असलेली कारणे बाजारात तशीच्या तशी नेली जातात. उसाच्या बिलाची किंवा रस्त्यासाठी संपादित झालेल्या जमिनीच्या मोबदल्याची एकरकमी रक्कम हाती असताना ही चूक विशेष महाग पडते. कारण ती रक्कम दरमहाच्या पगारातील बचतीप्रमाणे पुन्हा येणारी नसते.

परिचयाची भूल : जवळची व नेहमीच्या कानावरची कंपनी सुरक्षित वाटणे ही जगभर आढळणारी प्रवृत्ती आहे. अमेरिकेत दूरध्वनीसेवेचे प्रादेशिक कंपन्यांत विभाजन झाल्यानंतर बहुतेक राज्यांतील लोक आपल्याच प्रदेशातील कंपनीचे शेअर अधिक बाळगीत, असे गुर हुबरमन यांनी २००१ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडील बोधप्रद उदाहरण सातारा येथील युनायटेड वेस्टर्न बँकेचे होय. १९३६ मध्ये स्थापन झालेली ही बँक दक्षिण महाराष्ट्रातील मध्यमवर्ग, व्यापारी व शेतकरी यांच्या व्यवहारात सात दशके मुरलेली होती. तिचे भांडवल नियमानुसार आवश्यक पातळीच्या खाली गेल्याने २ सप्टेंबर २००६ रोजी तिच्यावर अधिस्थगन लागू झाले व ३ ऑक्टोबर २००६ रोजी ती आयडीबीआय लि. मध्ये विलीन करण्यात आली. ठेवीदारांच्या ठेवी शाबूत राहिल्या. भागधारकांस दर शेअरमागे २८ रुपये रोख देऊन त्यांचा संबंध संपविण्यात आला. ठेवीदार व भागधारक यांतील हा भेद बँकेच्या काउंटरवर कधीच दिसत नाही. ज्या शाखेत आपले खाते आहे, जेथील रोखपाल आपणास नावाने ओळखतो, त्या बँकेचा शेअर म्हणजे ठेवीसारखीच वस्तू, अशी समजूत सहज होते. परिचय खरा असतो. परंतु तो शाखेचा असतो, बँकेच्या ताळेबंदाचा नव्हे. बुडीत कर्जे शाखेच्या दर्शनी भागात मांडून ठेवलेली नसतात.

जेथे नोकरी, तेथीलच शेअर ही या भुलीची आणखी एक तऱ्हा. कारखाना अडचणीत आला, तर पगार व बचत ही दोन्ही एकाच वेळी धोक्यात येतात. तरीही तो शेअर सर्वांत भरवशाचा मानला जातो.

नावाची भूल : परिचयाच्या भुलीत निदान काही अनुभव तरी असतो, नावाच्या भुलीत तोही नसतो. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांना प्राणवायूची तीव्र टंचाई भासत असताना मुंबईच्या ‘बाँबे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्‌स’ या कंपनीच्या शेअरचा भाव काही आठवड्यांत दुपटीहून अधिक वाढला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने वायूंचा व्यवसाय २०१९ मध्येच बंद केलेला होता; तिचे उत्पन्न गुंतवणुकींतून येत होते. हे काही गुपित नव्हते. कंपनीच्या वार्षिक अहवालात ते छापलेले होते आणि ‘इन्व्हेस्टमेंट्‌स’ हा शब्द तर नावातच होता. खरेदीदारांनी त्यातील एकच शब्द वाचला.

याच जातीचा प्रकार १९९८-९९ मध्ये अमेरिकेत दिसून आला. मायकेल कूपर, ऑर्लिन दिमित्रोव व रघवेंद्र राव यांनी आपल्या नावाला ‘डॉट कॉम’ची जोड देणाऱ्या ९५ कंपन्यांचा अभ्यास केला. नावबदलाच्या घोषणेच्या आगेमागे दहा दिवसांत त्यांच्या शेअरांवर सरासरी ७४ टक्के जादा परतावा दिसला, आणि त्या कंपनीचा आंतरजालाशी प्रत्यक्ष संबंध किती, याने त्यात विशेष फरक पडला नाही.

भावाच्या आकड्याची भूल : दहा रुपयांचा शेअर स्वस्त व हजार रुपयांचा महाग, ही समजूत नवख्या गुंतवणूकदारांत सर्वाधिक रुजलेली असावी. ती बाजारहाटाच्या सवयीतून येते. तथापि भाजीचा दर किलोचा असतो व किलो सर्वत्र सारखाच असतो. शेअर म्हणजे मात्र कंपनीचा किती भाग, हे कंपनीगणिक बदलते. एक कोटी शेअर असलेल्या कंपनीचा शेअर हजार रुपयांना आणि शंभर कोटी शेअर असलेल्या कंपनीचा शेअर दहा रुपयांना मिळत असेल, तर बाजाराने दोन्ही कंपन्यांचे मूल्य सारखेच, म्हणजे हजार कोटी रुपये, ठरविलेले असते. जून २०२३ मध्ये टायर बनविणाऱ्या एमआरएफ या कंपनीच्या शेअरने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. तिचे शेअर सुमारे ४२ लाखच असल्याने तिचे एकूण बाजारमूल्य सुमारे ४२,००० कोटी रुपये झाले. त्याच सुमारास दूरसंचार क्षेत्रातील व्होडाफोन आयडिया या कंपनीचा शेअर सात-आठ रुपयांना मिळत होता. तिचे शेअर ४,८०० कोटींहून अधिक असल्याने तिचे बाजारमूल्यही ३६,००० कोटींच्या आसपास होते. एकीचा शेअर दुसरीच्या शेअरच्या हजारो पटींनी ‘महाग’. प्रत्यक्षात दोन्ही कंपन्यांची किंमत जवळजवळ सारखी. शिवाय त्या वेळी एमआरएफ नफ्यात होती, तर व्होडाफोन आयडिया मोठ्या तोट्यात.

‘पाच रुपयांचा शेअर आणखी खाली जाऊन जाऊन किती जाणार?’ हा या भुलीचाच उपसिद्धांत. पाचाचा एक रुपया झाल्यास भांडवलाचा ऐंशी टक्के भाग जातो, आणि पाच हजारांचा एक हजार झाल्यासही तितकाच जातो. बोनस शेअर मिळाल्याने अथवा दर्शनी किंमत विभागल्याने आपली मालमत्ता वाढली, असे वाटणे हेही याच मालेतील होय. भाकरीचे चार तुकडे केल्याने पीठ वाढत नाही. तरीही अशा घोषणांनंतर खरेदीची झुंबड उडते.

समूहानुकरण : सर्वांत व्यापक हानी मात्र अनुकरणातून होते, आणि तिचे भारतातील आद्य उदाहरण मुंबईचेच आहे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले व लँकेशरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. तो बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन मिळविणाऱ्या कंपन्या यांच्या शेअरांकडे वळला. यांपैकी बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपये भरणा झालेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या काळाचे मध्यवर्ती पुरुष. त्यांचा हात ज्या कंपनीला लागला, ती उत्तम, असे मानले जाई. कंपनी काय करणार आहे, याची चौकशी दुय्यम ठरली. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले व कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ या वायद्यांच्या फेडीच्या दिवशी देणी भागविणे असंख्य लोकांना अशक्य झाले. बँक ऑफ बाँबेचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांपर्यंत उतरला आणि १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. कापसाची तेजी युद्धामुळे आहे व युद्ध केव्हातरी थांबणार, हे त्या चार वर्षांत कोणास ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. ठाऊक असूनही इतरांच्या आधी बाहेर पडता येईल, असा प्रत्येकाचा होरा होता.

१९९२ ची तेजी यापेक्षा निराळ्या कारणाने उद्बोधक आहे. जानेवारीच्या प्रारंभी दोन हजारांच्या आत असलेला मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स हा निर्देशांक २२ एप्रिल रोजी ४,४६७ वर पोहोचला. या तेजीमागे हर्षद मेहता यांनी बँकांच्या रोखे-व्यवहारांतून वळविलेला पैसा होता, हे लगेचच उघडकीस आले. परंतु सामान्य माणसाने खरेदी केली, ती त्या पैशाकडे पाहून नव्हे. त्याला एक सिद्धांत सांगण्यात आला होता : एखादा कारखाना आज नव्याने उभारण्यास जो खर्च येईल, ती त्या कंपनीची खरी किंमत. या हिशेबाने एसीसी या सिमेंट कंपनीचा काही शे रुपयांचा शेअर नऊ-दहा हजारांच्या आसपास गेला. कारखाना नव्याने उभारण्याचा खर्च आणि त्या कारखान्याची मिळकत या दोन वेगळ्या गोष्टी होत. न चालणाऱ्या गिरणीलाही उभारणीचा खर्च असतोच. उघड अंधश्रद्धेपेक्षा असे अर्धवट शास्त्रीय कारण अधिक फसवे असते. ते शेजाऱ्याला समजावून सांगता येते, आणि सांगता सांगता सांगणाऱ्याचाही त्यावर विश्वास बसतो. वर्षभरात निर्देशांक सुमारे निम्म्यावर आला.

जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवर या कंपनीच्या प्रारंभिक शेअरविक्रीस देकाराच्या सुमारे ७३ पट मागणी आली. कंपनीचे एकही मोठे वीजकेंद्र तेव्हा चालू झालेले नव्हते. सामान्य गुंतवणूकदारांस ४३० रुपयांना व इतरांस ४५० रुपयांना दिलेला हा शेअर ११ फेब्रुवारी रोजी बाजारात आला आणि त्याच दिवशी ३७३ रुपयांच्या खाली बंद झाला. इतक्या लोकांनी अर्ज केले आहेत, हेच अर्ज करण्याचे मुख्य कारण बनले होते. वस्तुतः जास्त मागणीचा अर्थ, आपल्या वाट्याला कमी शेअर येतील, एवढाच निश्चितपणे काढता येतो.

मुहूर्त व कानगोष्टी : लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तासाभराच्या ‘मुहूर्त व्यवहारा’ची प्रथा मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून आहे. शकुन म्हणून चार शेअर घेण्यात फारसे काही बिघडत नाही. आतल्या गोटातील म्हणून मिळालेली कानगोष्ट मात्र निरुपद्रवी नसते. ती खोटी असल्यास पैसा जातो. खरी असल्यास अप्रकाशित माहितीवरून व्यवहार करणे हा कायद्याने अपराध ठरतो. मेहुण्याच्या कचेरीतून निघून उंब्रजच्या एसटी स्थानकावरील चहाच्या टपरीपर्यंत आलेली बातमी गुप्त राहिलेली नसते, हे सांगणे नलगे.

खरेदीभावाचे बंधन : शेअर घेतल्यावर त्याचा खरेदीभाव मनात घर करून बसतो. कंपनीला त्या भावाची काहीच माहिती नसते, तरीही गुंतवणूकदार पुढचे निर्णय त्याच्याशी ताडून घेतो. भाव पडल्यावर ‘सरासरी खाली आणण्यासाठी’ आणखी शेअर घेणे हे याचे नित्याचे उदाहरण होय. २०० रुपयांनी शंभर शेअर घेतले, भाव ८० झाला, तेव्हा आणखी शंभर घेतल्यास सरासरी १४० होते. आकडा सुखावह दिसतो. पण आधीचा बारा हजारांचा तोटा तसाच राहतो व आणखी आठ हजार रुपये त्याच कंपनीत अडकतात. आज ही कंपनी प्रथमच पाहिली असती, तर ८० रुपयांना घेतली असती काय, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

नफ्यातील शेअर लवकर विकणे व तोट्यातील बाळगून राहणे या प्रवृत्तीचे वर्णन हर्ष शेफ्रिन व मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये केले. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबीने) एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ मधील १४४ प्रारंभिक शेअरविक्रींचा जो अभ्यास सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात तिचा ठळक प्रत्यय येतो. पहिल्या आठवड्यात वीस टक्क्यांहून अधिक लाभ देणारे शेअर व्यक्तिगत गुंतवणूकदारांनी मूल्याच्या सुमारे ६८ टक्के इतके त्याच आठवड्यात विकले. तोटा दाखविणारे मात्र सुमारे २३ टक्केच.

नियमन : शेअरबाजाराचे कायदे मुख्यतः माहितीच्या अभावावर उपाय करतात. कंपनीने काय जाहीर करावे, दलालाने काय सांगावे, देकारपत्रात कोणती जोखीम नमूद करावी, हे त्यांत तपशीलवार ठरविलेले असते. डीमॅट पद्धतीमुळे हस्तांतरणातील दिरंगाई व बनावट प्रमाणपत्रे यांचा त्रास जवळजवळ नाहीसा झाला; डीमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट २०२२ मध्ये दहा कोटींवर व मार्च २०२४ मध्ये पंधरा कोटींवर गेली. त्याबरोबर खरेदीची कृती भ्रमणध्वनीवर क्षणार्धात होऊ लागली. पूर्वी दलालाकडे जाणे, अर्ज भरणे, प्रमाणपत्राची वाट पाहणे यांत जो वेळ जाई, त्यात विचार बदलण्यास वाव असे. ब्रॅड बार्बर व टेरन्स ओडीन यांनी १९९१–९६ या काळातील ६६,४६५ अमेरिकी कुटुंबांच्या खात्यांचा अभ्यास केला होता. त्यांत सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वार्षिक ११.४ टक्के परतावा मिळाला, तर बाजाराचा परतावा १७.९ टक्के होता. भारतात वायदे व विकल्प व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाल्याचे सेबीस आढळले. त्यानंतर सेबीने निर्देशांकाधारित व्यवहारांसाठी कराराचे किमान मूल्य वाढवून १५ लाख रुपये केले. नोव्हेंबर २०२४ पासून ते अंमलात आले. शेअरच्या साध्या खरेदीवर असे किमान मूल्याचे बंधन नाही. एक शेअरही घेता येतो.